अजीज टेलर्सची कात्री

ताहेरा माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती वर्गात नव्हे, नारायणगावात स्टँडमागच्या ‘अजीज टेलर्स’च्या उंबऱ्यावर. मी ब्लाऊज शिवायला टाकण्यासाठी गेले होते. अंगावर शाळेचा गणवेश, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, आणि मान खाली घालून पोरगी काजं करत होती. मला पाहून गडबडीने उठली.

“बसा बाई. चाचा नमाजला गेल्यात.”

अजीजभाई तिचे चुलते. त्या वर्षी मी तिच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. ‘टेलर’ शब्द आला तेव्हा मुलांना त्याचं मूळ सांगितलं. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचकडून घेतला आणि मुळात त्याचा अर्थ कापणारा. शिवणं त्यात मागून आलं. दुकानदारीतला ‘रिटेल’ही त्याच घराण्यातला, तुकडा कापून देण्यावरून आलेला. आपल्याकडे हा शब्द पोचला तोवर मशीनवर बसेल तो टेलर झाला होता.

ताहेराने हात वर केला. “बाई, आमच्या दुकानात अजून पयलाच अर्थ हाय.”

“म्हणजे गं?”

“चाचा कापत्यात, म्हणून ते टेलर. आमी शिवणारे नुसते कारागीर.”

वर्ग हसला, पण ते खरं होतं. त्या दुकानात शिवायला कुणीही बसे, कापडाला कात्री मात्र अजीजभाईच लावत. त्यांच्या वडिलांपासूनची ती रीत.

बारावीनंतर ताहेरा मशीनवर बसली. शिलाई सुरेख. दुपारी चाचांचा डोळा लागला की ती जुन्या वर्तमानपत्रांवर गळे आणि बाह्या कापून पाही. तयार कपड्यांमुळे गिऱ्हाईक ओसरत होतं आणि अजीजभाईंची नजर मंदावत होती. कात्री आपल्या हाती आली नाही तर चाचांमागे हे दुकान राहणार नाही, हे ती मला एकदा हळूच बोलली होती. चाचांना ते सांगायची मात्र तिची हिंमत नव्हती.

मग डिंगोरे गावच्या हौशीरामभाऊंच्या नेहरू शर्टाचा घोटाळा झाला. मी दुकानातच होते. भाऊ तो शर्ट घालूनच आत आले. उजव्या खांद्यावर कापड तटतटलेलं.

“अजीजभाऊ, दोन्ही बाह्या डाव्या केल्या राव! आता उजवा हात घरी ठिवून येऊ व्हय?”

कापड दुहेरी घडी घालून कापलं की एक बाही डावी निघते, एक उजवी. चाचांनी बाह्या सुट्या कापल्या होत्या, आणि कापडाची सुलट बाजू कुठली ते त्यांना दिसलंच नव्हतं. ते बराच वेळ त्या बाहीवरून बोटं फिरवत राहिले.

“कापड भरून देतो, भाऊ.”

“भरून काय देता? माज्या लग्नाचा शर्ट बी तुमीच शिवलाय. रविवारी लेकीची सुपारी हाय, म्हून दुसरं कापड आनलंय. ह्या बारीला पोरीला कापू द्या.”

“तिनं अजून कात्री धरली न्हाई.”

“मग आज धरंल. चुकली तरी मला डाव्या बाह्यांची सवय झालीया!”

ताहेरा मशीनवरून उठली नाही. पाय पायट्यावर तसेच थबकलेले. अजीजभाईंनी कात्री उचलली, उलटी धरली आणि तिच्याकडे मूठ केली.

“बिस्मिल्ला म्हण. आन् आधी घडी घाल.”

तिने घडी घातली, खडूने खुणा केल्या. मग कात्री चालू लागली.

लेकीचा साखरपुडा झाल्यावर हौशीरामभाऊ तोच नवा शर्ट घालून मुद्दाम आले. दोन्ही हात वर करून म्हणाले, “ह्यो उजवा, ह्यो डावा. बगून घ्या, टेलरबाई!”

ज्याचं कापड वाया गेलं त्यानेच दुसरं पुढे केलं. आणि अजीजभाईंनी, ज्यांची उभी हयात त्या कात्रीत गेली, ती मुठीकडून दिली. माझ्या विद्यार्थिनीला अशी माणसं भेटली, याबद्दल मी दोघांचीही ऋणी आहे. माझ्या निरोपसमारंभाचा ब्लाऊज तिनेच कापला. तो अजून मी सणाला घालते.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी ताहेरा सकाळी कापते आणि दुपारनंतर शिवते.