मपलं, तुपलं आणि ती टीव्हीवाली

आमच्या घरात हसवायचं काम माझं होतं. कुणी नेमलं नव्हतं, पण होतं. भाजीवाला, पाहुणे, बँकेतले साहेब, कुणाचीही नक्कल मी ओट्यापाशी उभी राहून करायची आणि धाकटी जाऊ पोट धरून खाली बसायची. शहरात, गारखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती खुलताबादकडच्या खेड्यातनं आलेली. तिच्यासारखं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलायचे. मग डोळ्यांत पाणी, मग "बाई, पुरे, मरते मी आता!" त्या 'पुरे'साठी मी आणखी दोन नकला करायची.

मग टीव्हीवर ते स्किटांचं लागलं. एक खाट, एक दार, चार माणसं, दहा मिनिटांत खेळ खल्लास. मलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण त्यात एक बाई मराठवाड्यातली म्हातारी करायला लागली. एकदा ती शेजारणीला विचारते, "काय गं, मपलं घर कुठंय?" आता आमच्याकडं खेड्यांत मपलं म्हणजे माझं. तुझं, ते तुपलं. म्हणजे बया स्वतःचंच घर विचारत हिंडत होती! मी जावेकडं बघितलं, तर तिचे खांदे हलत होते.

"अगं, चुकलं तिचं. तुपलं म्हणायला पाहिजे."

"व्हय बाई, पण कशी ठसक्यात म्हणली! थांबा, ऐकू द्या."

ऐकू द्या! मला! इतकी वर्षं हिला मी हसवली आणि आता मीच मधे बोलणारी झाले. लई जळाले मी. त्या बयेचं बघत बसायची, हिची युक्ती काय म्हणून. सापडली. एकच शब्द तीनदा म्हणायचा, दरवेळी जरा मोठ्यानं, आणि मग गप्प राहायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडं होतं. दहा-बारा बाया जमल्या आणि मी डोक्यावर पदर घेऊन नवी नवरी झालेली जाऊ केली. "मपली बादली. मपलं पातेलं. मपला नवरा!" आणि गप्प. बाया लोळायच्या राहिल्या. जाऊसुद्धा हसली, पण ओठांनी. खांदे जागच्या जागी. मला दिसलं ते. तरी कुणीतरी "आणखी, आणखी" म्हणालं, आणि मी शाळेतलं काढलं. मागं एकदा पोराच्या वर्गाच्या बाईंसमोर ती "मपलं पोरगं" म्हणाली, बाई हसल्या, आणि घरी येऊन ती माझ्या पदरात तोंड घालून रडली होती. मी ते रडणंही करून दाखवलं.

वाण घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रागावलीस काय गं? टीव्हीवालीनं केलं तर हसतेस की."

"तिला मी कुठं ठाव आहे, बाई? तुम्हाला ठाव होतं."

बोलणं काही बंद नाही आमचं. संध्याकाळी ती येते, स्किट बघते. परवा मी तिचा डबा धुऊन ठेवला होता, तर म्हणाली, "बाई, तो डबा माझा आहे." माझा आहे. पुस्तकातलं वाचल्यासारखं. आणि वळून टीव्हीकडं बघितलं, तिथं ती म्हातारी पुन्हा काहीतरी चुकीचं बोलली, आणि हिचे खांदे हलायला लागले.

मी डबा पुसत तिच्या मागं उभी होते.