ताईंचा लाल टॅग

आमच्या थोरल्या साडूंच्या मते हे जग आजवर टिकून आहे ते केवळ लाल टॅगमुळे. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म मेंटेनन्समध्ये काढला. तिथला नियम असा, की मशीनच्या पोटात हात घालण्याआधी स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. ‘माणूस काम करत आहे, स्विच लावू नये.’ काम संपलं की टॅग भिंतीवरच्या खिळ्याला. आणि तो काढायचा ज्याने लावला त्यानेच, तिथे साहेबाचंही चालत नाही. एकदा एका नव्या साहेबाने घाईघाईत यांचा टॅग काढला, तर साडूंनी अख्खी लाइन बंद पाडली, साहेबाला कॅंटीनमध्ये नेऊन समोर बसवलं आणि आपल्या हातांची बोटं एकेक करून मोजून दाखवली. “ही सगळी हायेत ती टॅगमुळं,” एवढंच बोलले आणि चहा न पिता उठले.

रिटायर झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं. हे मात्र टॅगचा गठ्ठा मागून घेऊन आले आणि रावेतच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा ठोकून मोकळे झाले. गीझर गळतोय, टॅग. पाहुण्याच्या स्कूटरचा ब्रेक सैल, टॅग. माझं ब्लड प्रेशर वाढल्याचं कळल्यावर रहाटणीला आमच्या घरी येऊन त्यांनी लोणच्याच्या बरणीला टॅग बांधला. माझी बायको म्हणजे त्यांची धाकटी मेहुणी. पुढच्या रविवारी दाजी येऊन तो सोडवेपर्यंत तिने मला फोडीचा वासही घेऊ दिला नाही. या माणसाचा टॅग न विचारता काढायची छाती एकाच व्यक्तीची होती, ती म्हणजे त्यांची बायको, आमच्या ताई. मिक्सरवरचा टॅग त्या सरळ उचलून खिळ्याला लावायच्या आणि चटणी वाटायला घ्यायच्या. लाइन बंद पाडणारा हा गृहस्थ तेव्हा फक्त “हात सांभाळ” म्हणायचा.

ताई दवाखान्यात ॲडमिट व्हायला निघाल्या त्या दिवशी त्यांनी त्या गठ्ठ्यातलाच एक टॅग घेतला, त्यावर आपलं नाव घातलं आणि गॅसच्या बटणाला अडकवला. “मी येईस्तवर माझ्या गॅसला कुणी हात लावायचा न्हाई,” म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. ताई परत आल्या नाहीत.

तेव्हापासून त्या घरात गॅस पेटलेला नाही. मूलबाळ नाही, डबा लावलेला, चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर. साडू दिवसेंदिवस वाळत चालले, शर्ट खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. बायको रडून सांगायची, “दाजी, काढा हो तो आता.” त्यांचं उत्तर ठरलेलं. “माझा हाय का त्यो? ज्याचा त्यानं काढायचा.” मला तर त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचीच भीती वाटायची. खिडक्या बंद, पंखा बंद, तरी तो टॅग हलायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वर्षश्राद्ध झालं आणि बायकोने हट्ट धरला, दाजींना समुद्रावर न्यायचं. ताईंची ती जुनी इच्छा होती. समुद्र बघायचा, आणि जिथे सकाळचा चहा आपल्याला ठेवावा लागणार नाही अशा ठिकाणी राहायचं. निघताना साडूंनी गॅसवरचा टॅग बोटाने चाचपून पाहिला आणि बॅग घेऊन खाली गेले. मग मी पाण्याची बाटली राहिली म्हणून वर जाऊन आलो. मी उतरल्यावर बायको चार्जर राहिला म्हणून जाऊन आली. मग कुलूप लावलं.

कोकणातलं ते रिसॉर्ट निसर्गस्नेही आणि अतिशय महागडं होतं, म्हणजे तिथे काहीच नव्हतं. टीव्ही नाही, एसी नाही, प्लॅस्टिक नाही. मातीच्या भिंती, शाकारलेलं छप्पर आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, “सर, इथे सगळं निसर्गाच्या मर्जीने चालतं.” साडूंनी विचारलं, “मग त्याचा मेन स्विच कुठं हाय?”

खरं सांगतो, मला ती शांतता सोसेना. आमच्या कानांना रात्रंदिवस ट्रकचे आणि कारखान्यांतल्या प्रेसचे दणके लागतात. इथे लाट फुटायची आणि मग इतकं गप्प व्हायचं, की कोणीतरी मागे उभं राहून श्वास रोखून धरलाय असं वाटायचं. साडू मात्र तीत रमले. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडून एकीवर बसायचे. दुसरीवर मी टेकायला गेलो तर म्हणाले, “पावणं, तिकडं नगा बसू.” वेताची ती रिकामी खुर्ची अधूनमधून करकरायची. समुद्रावरचा वारा, दुसरं काय.

त्याच व्हरांड्यात पाहुण्यांच्या हौसेसाठी एक सारवलेली चूल होती. साडूंनी तिला आल्या आल्या आपला टॅग बांधला. वर शाकारलेलं छप्पर, ठिणगी उडायची, हे कारण. नोकरमाणसं त्या लाल चिठ्ठीला वळसा घालून जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघेही वाळूत फिरून परत आलो तेव्हा अजून उजेड होता. चुलीवर टॅग नव्हता. तो खांबावरच्या खिळ्याला नीट लटकत होता. राखेला ऊब होती आणि व्हरांड्यात गवती चहाचा वास भरून राहिला होता. ताईंच्या चहात गवती चहा असायचाच.

मी जोरात हाक मारली. मॅनेजर धावत आला, शपथा घेऊ लागला. “नाही हो सर, आमचं कोणी इकडे फिरकलंच नाही. तुमच्या टॅगला सगळे घाबरतात.” आता हे रिसॉर्ट बंद पाडणार म्हणून मी साडूंकडे पाहिलं. ते खिळ्याकडे बघत उभे होते. मग खुर्चीकडे वळून अगदी हळू म्हणाले, “हात सांभाळ.” बायकोने माझा दंड घट्ट धरला. थोड्या वेळाने साडू आम्हाला म्हणाले, “चला, उद्या घरी जाऊ.”

दुसऱ्या दिवशी रावेतला पोहोचलो. साडूंनी कुलूप उघडलं आणि चपलांसकट स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या बटणावर काही नव्हतं. ताईंच्या नावाचा टॅग भिंतीवरच्या खिळ्याला होता, काम संपल्यावर असतो तसा. साडूंनी तो बोटाने चाचपून पाहिला. मग नाक ओढत म्हणाले, “ज्याचा त्यानं काढला. झालं.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गॅस पेटवून आम्हाला चहा करून दिला. फार गोड होता. आम्ही तिघेही रडत रडत तो प्यायलो.

आता साडू स्वतः भात लावतात, जरा अंगही धरलंय त्यांनी. तो टॅग अजून खिळ्यालाच आहे. मला वाटतं, चार्जरच्या निमित्ताने वर गेली तेव्हा बायकोनेच तो काढला असणार. तिला वाटतं, बाटलीच्या निमित्ताने मी काढला. ते तिच्या नजरेत मला दिसतं. पण मी तिला अजून विचारलेलं नाही, आणि तिनेही मला नाही. मी काढला नव्हता हे मला ठाऊक आहे. विचारलं आणि तीही “मी नाही” म्हणाली, तर त्या घरी चहा प्यायला जायचं कसं?