दुसरीने काढलेली सहल

पीएचडीच्या पाचव्या वर्षातल्या तिला सगळे ताई म्हणत. विभागाची सहल दरवर्षी तीच काढायची, पण यंदा प्रबंधामुळे ते काम एका नव्या मुलीकडे गेलं. बसमध्ये सगळे खिदळत होते आणि ताईच्या पोटात दुखत होतं. तळ्याकाठी तर कहरच झाला. दोन वर्षं ताईच्या शेजारच्या टेबलावर मुका बसणारा गणितवाला त्या मुलीला आईचं आजारपण सांगत होता.

परतताना ताईने विचारलंच, "त्याला बोलतं कसं केलंस?"

"तो पाण्यात पाय सोडून बसला होता. मीही बसले."

तळ्याकाठी ती दोघं बसली होती तेव्हा ताई सवयीने माणसं मोजत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी, मनातून जळफळत का होईना, तिने गणितवाल्याला चहाला विचारलं. तो लगेच उठला.