मावशीने मीटर लावला

प्रयोगशाळेतल्या एका संशोधक मुलीची ती सख्खी मावशी, म्हणून मग सगळ्यांचीच मावशी झाली. तिथे केसाएवढ्या तारा जोडायचं सोल्डरिंग तिच्याइतकं सुबक कुणालाच जमत नसे. तीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात काढलेली बाई! जोड दिला की तो पक्का बसला का बघायला मीटर लावायचा, 'पिंऽऽ' वाजलं की पुढचा. घरी नवऱ्याने बल्ब बदलला तरी मागे ही मीटर घेऊन हजर.

हीच सवय नडली. सहाव्या तारेवर खरखर येतेय असं कानावर आलं आणि जेवणाच्या सुट्टीत बाईसाहेबांनी चालू क्वांटम संगणकाला मीटर लावला. सकाळपासूनची मोजणी पाण्यात! प्रमुखबाई एवढंच म्हणाल्या, "मावशींनी आजपासून बाहेर बसावं." बाहेर म्हणजे आलेल्या सामानाची खोकी उघडायची. मावशी संतापली.

"अगं, मी नुसतं बघितलं!"

"तोच तर गुन्हा," भाची म्हणाली. "साध्या संगणकात बटण चालू तरी, नाहीतर बंद तरी. आमच्या यंत्रात बटणाच्या जागी क्यूबिट; तो बघेपर्यंत दोन्ही शक्यता बाळगून असतो. बघितलं की एकच उरते."

"म्हणजे तुझ्या काकांसारखा. येणार का विचारलं की होही आणि नाहीही."

"छे! काकांचं आतून ठरलेलं असतं, फक्त सांगत नाहीत. याचं ठरलेलंच नसतं."

"मग एकदा बघून काय कळणार, कप्पाळ?"

"म्हणून तेच गणित हजारदा चालवायचं, दर वेळी शेवटीच बघायचं आणि कुठलं उत्तर जास्त येतं ते मोजायचं. मधल्या काळात शक्यता लाटांसारख्या एकमेकींवर येतात. चुकीच्या एकमेकींना खोडतील आणि बरोबर बळावेल, अशी मांडणी करायची. तू मधेच डोकावलीस की लाटा संपल्या."

घरी मावशीने बादलीत दोन्ही हातांनी पाणी हलवून पाहिलं. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की तिथे पाणी सपाट. हं.

सकाळी ती थेट प्रमुखबाईंसमोर उभी राहिली. "यंत्राचं झाकण लागण्याआधी सगळे जोड तीनदा तपासेन. नंतर हात लावला तर खोकी उघडेन जन्मभर. पण सहावा जोड माझा आहे, आणि तो चांगला आहे."

"एकदाच हं, मावशी."

तपासून झाकण लागलं; अतिथंड झाल्याशिवाय न चालणारं ते यंत्र पुन्हा गार व्हायला दोन दिवस गेले. मोजणी सुरू झाली आणि सहाव्या तारेवर परत खरखर! सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. तिची बोटं अशी शिवशिवली की ती चक्क हातांवर बसली.

"माझ्याकडे काय बघता? मोजा."

संध्याकाळपर्यंत आकड्यांनीच सांगितलं: चुका दर बारा मिनिटांनी वाढत होत्या, आणि भिंतीपलीकडे प्रमुखबाईंच्या खोलीतला एसीही दर बारा मिनिटांनीच घरघरत होता. प्रमुखबाई उठल्या, एसी बंद करून आल्या, घाम पुसत म्हणाल्या, "पुढच्या यंत्राचे जोडही तुम्हीच द्या. इथे, आत बसून."

"देते. पण हे स्टूल बदला, डुगडुगतंय मेलं."