पायाळूची कंबर

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच साली मी उमरखेडहून मारेगावला सून म्हणून गेले. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे सगळे मानतात. लग्न ठरवताना वडिलांनी ही गोष्ट जरा ओशाळूनच सांगितली होती, कारण पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. सासूबाईंना मात्र केवढा आनंद! चार दिवसांत त्यांनी गावभर सांगून टाकलं.

झालं. दिवस उजाडला की ओसरीवर कोणी ना कोणी पालथं पडलेलं. कापूस वेचणाऱ्या बाया, गाडीवान, बाजारातले हमाल. मी चुलीपुढून उठून यायचं, एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीनदा त्यांच्या कमरेला लावायचा, आणि माणूस वडीलधारं असलं की लगेच वाकून त्याच्याच पाया पडायचं. आधी पाय लावा, मग पाया पडा! तोवर तव्यावरची भाकर करपलेली.

एकदा हे कचेरीतून घरी आल्यावर ह्यांना सांगून पाहिलं, "मले आता होत नाई. माहीच कंबर धरते."

"पायच तं लावा लागते," हे म्हणाले. "त्याच्यात कायचे कष्ट?"

तेव्हापासून मी सांगणंच सोडलं. दोन लेकरं, विहिरीचं पाणी, आणि वर हा रोजचा ताप. पायाळूला स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय थोडाच लावता येतो?

पाच वर्षं असं चाललं. मग एका वेचणीच्या दिवसांत तांड्यावरची एक बंजारा बाई आली. तिची पाठ आखडली होती. मी पाय लावला. ती उठून बसली आणि माझ्याकडेच पाहत राहिली.

"बाई, माह्यं राहू दे. तू उभी राह्यते तं तुही कंबर वाकडी होते. ये, झोप इथं."

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी आत जाऊन तेलात लसूण टाकून ते कोमट करून आणलं आणि मुकाट्यानं पालथी पडले. तिनं अंगठा मणक्याच्या बाजूनं हळूहळू खाली आणला आणि गाठ लागली तिथं थांबली. लगेच दाबलं नाही. नुसता टेकवून ठेवला, मांस ढिलं पडेपर्यंत, आणि मग रेटला. "घाई नाई करायची," ती म्हणाली. मी रडले. दुखलं म्हणून नाही हो. त्या घरात आल्यापासून माझ्या पाठीवरून कोणी हात फिरवला नव्हता.

त्याच वेचणीच्या शेवटी सासूबाईंना उसण भरली. पाण्याची घागर उचलायला वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. आता पंचाईत पाहा. माझा पाय त्यांनी साऱ्या गावाला वाटला, पण स्वतःच्या कमरेला सुनेचा पाय?

"मरन, पण सुनेचा पाय नाई लावून घेनार!"

दोन दिवस कण्हत पडल्या. ओसरीवर दुसऱ्यांच्या कमरा मोकळ्या होत होत्या आणि आत ह्या भिंतीकडे तोंड करून. मला कीव आली, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी तेल कोमट केलं. "पाय नाई लावत, आत्याबाई. हात तं चालते?"

त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवून पाठीवरचा पदर बाजूला सारला, म्हणजे चालत होतं. गाठ सापडली, अंगठा टेकवून थांबले. असं चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी त्या सरळ होऊन बसल्या.

"हे कुठं शिकली वं?"

"तांड्यावरच्या बाईनं माही कंबर चोळली होती."

"तुही? तुह्या कमरेले काय झालतं?"

"धरते. पाच वर्षं झाली."

"मंग बोलली काहून नाई?"

कपाळ! मी तेलाची वाटी उचलली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर एक गाडीवान पालथा पडलेला. मी पदर खोचून निघाले, तर सासूबाई माझ्याआधी तिथं.

"ऊठ बाप्पा. आज नाई. पायाळूचीच कंबर धरली हाय."

मग आत आल्या आणि मला म्हणाल्या, "हो पालथी."

त्यांना चोळता येत नव्हतं. कणीक तिंबावी तशा दोन्ही मुठींनी भराभरा रेटत होत्या. दुखत होतं ते चार बोटं खाली. एकदा अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं तर हात काढून घेतील असं वाटलं, आणि मी गप्प पडून राहिले.