हात बरा हाय जी

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. रुसायलाही अंगात त्राण लागतं आणि ते माझ्यात उरलंच नव्हतं. सावली गावच्या बाजारातून पायी आमच्या गावाकडे येत असताना वळणावर एका ठेकेदाराचा बांबूंनी भरलेला ट्रक अगदी जवळून गेला. ट्रक मला लागला नाही, मागे बाहेर निघालेले बांबू लागले. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, दवाखान्यात मी बरेच दिवस पडून होते. खांद्याचं हाड जुळून आलं, पण उजव्या हाताची बोटं मेल्यासारखी राहिली. चिमटा काढला तरी कळत नसे, आणि वर खांदा मात्र दिवसरात्र ठणकायचा. कळायला हवं तिथे कळत नाही आणि नको तिथे कळतं, असा माझा हात झाला होता.

माझे मालक आधीच गेले होते. घरात मी आणि माझी मुलगी तुळसा, दोघीच. धानाच्या रोवणीची मजुरी, एरवी लोकांकडे कांडण-दळण, यावर आमचं चालायचं. रोवणीत चिखलात रोप खोवायचं तर बोटांत जीव लागतो. तो गेला म्हणजे हातातोंडाची गाठ सुटलीच. माझे दीर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचं स्वतःचंच घर भरलेलं. ते म्हणाले, "वयनी, तुळसाले चांद्याले एका घरी कामाले ठेवू. खाईन-पिईन तरी." मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. एकच आशा होती. ठेकेदाराने कोर्टात जायच्या आधीच भरपाई द्यायचं कबूल केलं होतं. सावलीच्या दवाखान्यात सरकारी डॉक्टर हात तपासणार, हाताचं किती नुकसान झालं ते सांगणार आणि त्यावरून रक्कम ठरणार. त्या पैशांत गावात मीठ-मिरचीचं लहानसं दुकान टाकलं, तर ते डाव्या हातानेही चाललं असतं, आणि तुळसा माझ्याजवळ राहिली असती.

आता मध्ये एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. मी बेशुद्ध होते तेव्हा तुळसाने चांद्याच्या महाकालीला नवस बोलला होता, माझी माय जगू दे म्हणून. दवाखान्यातून सुटले आणि चैत्रात आम्ही दोघींनी तो फेडला. आमच्या घरची रीत अशी, की नवस फेडल्यावर त्या दुखण्याचं नाव पुन्हा जिभेवर आणायचं नाही. आणलं तर देवीने अर्धंच काम केलं असं म्हटल्यासारखं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचं, बरं आहे, माय पावली. माझी सासू शेवटच्या दुखण्यातही हेच म्हणत गेली. शहाण्या माणसाला हे वेडेपण वाटेल, वाटू दे.

तर तपासणीच्या दिवशी दीर आणि तुळसा माझ्यासोबत सावलीला आले. दवाखान्याच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. डॉक्टर तरुण होते, नागपूरकडून आलेले. बाजूला ठेकेदाराचे मुनीम टोपी मांडीवर ठेवून बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, हात कसा आहे आता?" रस्ताभर मी मनाशी म्हणत आले होते की आज सांगायचं, सगळं सांगायचं. पण तोंडातून निघालं, "बरा हाय जी. माय पावली."

"दुखतो का?"

"नाई जी."

मुनिमांचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला. मी ओठ दाबून धरले आणि हूं की चूं केलं नाही. रोगीच बरा आहे म्हणतो, तेव्हा डॉक्टर तरी काय करणार? हाड चांगलं जुळलं आहे असं ते म्हणाले. मुनीम म्हणाले, "बाईची मजुरी तं रोवणीपुरतीच असते, डॉक्टरसाहेब. चार पैसे औषधपाण्याचे देऊन टाकू." दोघंही जेवून येतील आणि मग कागदावर माझा अंगठा घेतील, असं ठरलं.

दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काऊन वं अशी बोलली? पोरीचा तं विचार करायचा!" तुळसा माझ्याकडे पाहत होती आणि रडत नव्हती, हेच मला सोसवेना. मी दवाखान्याच्या विहिरीजवळ कडुनिंबाखाली जाऊन बसले. इतकी थकले होते की देवीला हाक मारायचंही सुचलं नाही. फक्त मनात आलं, तुझ्यासाठी गप्प राहिले, आता तूच बघ. त्यात भक्ती होती की वैताग, ते मला आजही सांगता येत नाही.

विहिरीवर एक म्हातारी पाणी भरत होती. जंगलाकडच्या एखाद्या टोल्यावरची, लहानशा वस्तीवरची असावी. आखूड लुगडं, कपाळभर गोंदण. मडकं भरून झालं तशी डोक्यावर चुंबळ ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाई, जरा हात लाव वं."

आमच्याकडे भरलं मडकं डोक्यावर चढवून द्यायला कुणी बोलावलं, तर कुठलीही बाई नाही म्हणत नाही. भांडण असलं तरी नाही. त्यात विचार करायचा नसतोच. मीही विचार न करता उठले, दोन्ही हातांनी मडकं धरलं आणि उचललं. म्हणजे डाव्या हाताने उचललं. उजवी बोटं मडक्याला नुसती टेकली, वळली नाहीत. खांद्यातून कळ गेली, मडकं कलंडलं आणि दगडावर पडून फुटलं. पाणी दोघींच्या पायांवरून वाहिलं. गरिबाचं मडकं माझ्या हातून फुटलं, या विचाराने मी मोठ्याने रडू लागले. इतक्या महिन्यांत मी तशी रडले नव्हते. म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "राहू दे. मडकंच हाय."

डॉक्टर ओसरीच्या पायरीवर हात धूत उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते जवळ आले तेव्हा तुळसा पुढे झाली. "साहेब, माय बोलत नाई. नवस फेडला हाय तिनं. तिले दुखणं सांगता येत नाई." डॉक्टरांनी मला पुन्हा ओसरीवर नेलं. मग मला टेबलाजवळ बसवून म्हणाले, "बाई, तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो ते फक्त करा." त्यांनी सुतळीची गाठ मारायला सांगितली, तांब्या उचलायला सांगितला, हात डोक्यापर्यंत न्यायला सांगितला. डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली. शेवटी तुळसाला माझ्यापुढे बसवून म्हणाले, हिची वेणी घाला. अपघातापासून मी तिची वेणी घातली नव्हती. तीन पेड काही केल्या धरता येईनात, केस सुटत राहिले. तुळसा मान न हलवता बसून होती.

मुनीम म्हणाले, "पन बाईनं सोताच सांगितलं, बरा हाय म्हणून!"

"ते त्यांनी देवीला सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "मला हाताने सांगितलं आहे." मग त्यांनी मोठ्याने सांगितलं, की हा हात पुन्हा कामाचा होणार नाही. रोवणीच नाही, पाणी, कांडण, स्वयंपाक, सगळंच नुकसानीत धरावं लागेल. मुनिमांनी घासाघीस केली, ती त्यांची नोकरीच होती. तरी जे ठरलं त्यात माझं दुकान बसत होतं.

हे होईपर्यंत म्हातारी निघून गेली होती. तिला नवं मडकं घेऊन द्यावं म्हणून दीर बाजारभर हिंडले. दवाखान्याच्या कंपाउंडरला विचारलं, तर तो म्हणाला, कितीतरी बाया येतात पाण्याला, कोण कोणाले ओळखते? खरंच होतं ते. ती कोण होती याचा वाद मी कधी कुणाशी घातला नाही. पाणी भरायला आलेली एक म्हातारी होती म्हणा, माझं काही बिघडत नाही.

तुळसा घरीच राहिली. पुढे दुकानाची उधारी लिहून ठेवता यावी म्हणून मी तिच्याकडून डाव्या हाताने अक्षरं शिकले, त्याच हाताने हे लिहिते आहे. तोवर मला वाटायचं, देवीवर भार टाकणं म्हणजे दात आवळून सोसणं. पण दात आवळले की भार आपल्याकडेच राहतो. त्या दिवशी विहिरीवर तो माझ्या हातून सुटला, मी सोडला असं म्हणणं खोटं होईल.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा महाकालीला गेले. गाभाऱ्यासमोर गर्दीत उभी राहिले आणि रीत मोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "माय, हात दुखते वं." काही झालं नाही. आरती चालूच राहिली. मला मात्र फार हलकं वाटलं, आणि पदराने डोळे पुसायला म्हणून मी खाली पाहिलं. तुळसाने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. कधीपासून धरला होता, ते मला कळलंच नव्हतं.