मसोलीच्या चाळीतला बंदोबस्त

लग्नानंतर आम्ही मसोलीला बिऱ्हाड केलं ते साठ सालच्या आसपास. ओळीने पाच खोल्या, पुढे सामाईक ओटा आणि टोकाच्या खोलीत गुजराती चाळमालक. त्या चाळीत कधीही चोरी झालेली नव्हती, आणि त्यामुळेच बहुधा मालकांना चोरांची जबर धास्ती होती. खोली दाखवताना त्यांनी आधी कुलूप दाखवलं. चांगलं तळहाताएवढं, किल्ली दोनदा फिरवावी लागणारं. मागची भिंत मात्र कुडाची. मांजराने अंग घासलं तरी माती पडायची. पण चोराने दारानेच यायचं, हे मालकांनी त्याच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली मालकांकडे असे. अडीअडचणीला लागते म्हणून. त्या पाचही किल्ल्या त्यांच्या दाराबाहेर एका फळीला टांगलेल्या, आणि घोटाळा नको म्हणून प्रत्येकीखाली खडूने खोलीचा नंबर. चोराची इतकी चोख सोय मी पुढे कुठेच पाहिली नाही.

आमचे हे तलासरीला एका कचेरीत कामाला. सोमवारी पहाटे निघायचे, चारोटीला गाडी बदलायचे आणि शनिवारी परतायचे. रविवारी मालक त्यांना ओट्यावर गाठून बंदोबस्ताचे धडे देत. हे मान डोलवत. धडे इतके मुरतील असं मला तेव्हा वाटलं नाही.

वरोरची एक मावशी दिवसाआड मासळी घेऊन यायची. तिचा सगळा धंदा मसोलीच्या चार आळ्यांतला. नवरा दर्यात बुडून गेलेला, घरात दोन लेकी. त्या आळ्यांवरच तिची चूल पेटायची. पाटी उतरवून ती आत यायची, माठातलं पाणी प्यायची आणि माझ्या कुलपाकडे बघून हसायची. त्यांच्या गावात दिवसा सगळी माणसं किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायला. दाराला फक्त एक काठी आडवी लावायची. काठी दिसली की घरात कोणी नाही, पुढे यायचं नाही. मी विचारलं, तरीही कोणी आत गेलं तर? तिला माझा प्रश्नच कळला नाही. मला तो अडाणीपणा वाटला. मी व्हर्नाक्युलर फायनल पास होते ना.

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी ट्रंक उघडली तर आईने दिलेली नथ नाही. डबी होती, आत काही नव्हतं. मी रडत मालकांकडे गेले. इतक्या वर्षांची वाट पाहणं फळाला आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. किल्ल्यांच्या फळीला पाठ टेकून त्यांनी चौकशी आरंभली. घरात बाहेरचं कोण येतं? मी म्हणाले, मासेवाली मावशी. फक्त एवढंच म्हणाले. स्वतःला मी अजूनही हेच सांगते, की फक्त एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला अंगणातच अडवलं. सगळ्या बिऱ्हाडांसमोर पाटी उपडी करायला लावली, कमरेची पिशवी झटकायला लावली. चोरलेली नथ पाटीतल्या मांदेली माशांखाली ठेवून ती दुसऱ्या दिवशी परत दाखवायला आणेल, हा तर्क त्यांचा. पण मीही तो ऐकून घेतला. मांदेली मातीत पसरली. तिने मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाय, तुज्या घरचं पानी पिलंय मी," ती मला म्हणाली.

मी खाली बघत राहिले. तिने एकेक मासा उचलून पाटीत भरला आणि गेली. दोन दिवसांत चारही आळ्यांची दारं तिला बंद झाली.

शनिवारी हे आले. मी सगळं सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं, स्टुलावर चढले आणि कपडे वाळत घालायचा छताखालचा वेळू काढला. त्याच्या पोकळीतला चिंधीचा बोळा ओढला. आत माझी नथ. आठवडाभर मी त्याच वेळूवर लुगडी वाळवत होते.

"तुला सांगितलं असतं, तर चोराने तुझ्याकडून वदवून घेतलं असतं," हे म्हणाले. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष होते.

मला इतका संताप आला की तो वेळू यांच्या पाठीत घालावासा वाटला. नथ तळहातावर घेऊन मी ओट्यावर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मालकांना सांगितलं. त्यांनी नथ निरखून पाहिली.

"सापडली ना बेन? पण बंदोबस्त तर बरोबरच होता," ते म्हणाले.

चोरीची बातमी चार आळ्यांत गेली होती. नथ सापडल्याची आमच्या ओट्याखाली उतरली नाही. ती उतरवायला रविवारी सकाळभर मी त्या आळ्यांतून दारोदार फिरले. लोक ऐकून घेत आणि काळजी घेतलेली बरी, असं वर मलाच सांगत. दुपारी मी वरोरची एसटी धरली. हे म्हणाले, कशाला, येईल ती आपणहून.

तिच्या दाराला काठी आडवी होती. शेजारीण म्हणाली, किनाऱ्यावर गेलीय. मी अंगणात उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, रिकामी टोपली काखेत घेऊन.

"मावशी, नथ घरातच होती. चूक माझी," मी म्हणाले.

असू दे, असं ती म्हणाली नाही. तिने काठी बाजूला केली, मला आत नेलं आणि चटई टाकली. समोरच्या कोनाड्यात तिच्या लेकींची कानातली सोन्याची कुडी उघडीच ठेवलेली होती. तिने रिकामी कळशी उचलली.

"बस. पानी भरून आनते," म्हणाली, आणि मला एकटीला घरात ठेवून निघून गेली.

विहीर लांब असावी. ती येईपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.